गाणाऱ्याचा वेष



नभोवाणीवर बोलणाऱ्यास एक सुख असते. त्याने अंगात काय घातले आहे, ते कोणास दिसत नाही. गवयासही येथे हेच सुख लाभते. मात्र ते पुरते नव्हे. कडक खळ दिलेला सदरा मायक्रोफोनपाशी कुरकुरतो, आणि हातातल्या बांगड्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एकदा आपटल्या की तो नाद घरोघर जाऊन पोहोचतो. वस्त्र दिसले नाही, तरी ऐकू येते!

चार माणसांपुढे गावयास बसताना काय ल्यावे, काय नेसावे, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. गळा चांगला असला म्हणजे झाले, असे ते म्हणतात. आपल्या संगीताचा इतिहास तसे सांगत नाही. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या गाण्यावर महाराष्ट्र लुब्ध झाला, आणि त्यांच्या लुगडे नेसण्याच्या व केस बांधण्याच्या तऱ्हा घरंदाज स्त्रियांनीही उचलल्या. पण ती रंगभूमी. तेथे वेष हा भूमिकेचाच भाग. हिराबाई बडोदेकरांपुढला प्रश्न अधिक अवघड होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या जाहीर बैठकीत गाऊ लागल्या, तेव्हा लोकांपुढे गाणाऱ्या स्त्रीविषयी समाजाचा ग्रह काय होता, हे सांगावयास नको. हिराबाईंनी त्याला व्याख्यानाने उत्तर दिले नाही. नीटस साडी, अंगभर घेतलेला पदर, हातवारे नाहीत, मुद्राभिनय नाही. ऐकावयास आलेल्या बापाच्या मनात आपल्या मुलीसही गाणे शिकवावे असे आले असेल, तर त्यात सुरांइतकाच त्या पदराचाही वाटा असला पाहिजे, असे मला वाटते.

गोव्याकडे मांडो गाताना व नाचताना ख्रिस्ती स्त्रिया तोडप-बाजू हा जुना वेष करीत, आणि हातात पंखा घेत. तो वेष मांडोपासून निराळा काढता येत नाही. उलट युरोपातील चर्चच्या गायकवृंदाने अंगरख्यावर सैलसा पांढरा झगा घालण्याची चाल पाडली. तो मूळचा थंडीतल्या लोकरी, केसाळ वस्त्रांवरून घालावयाचा. त्याचा एक गुण मात्र मला उशिरा कळला. आतले कापड रेशमी आहे की फाटके, हे त्या झग्याखाली झाकून जाते.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. बंद गळ्याचा कोट छायाचित्रात शोभतो. पण तार षड्जाकडे जाताना पहिली गुंडी गळ्याशी वैर करते. तबलजीने काळे जाकीट घालू नये. बोटांची पावडर अर्ध्या तासात त्यावर उमटते. व्हायोलिन मांडी घालून वाजविणाऱ्याचे वाद्य पावलावर टेकलेले असते. तेथे गुळगुळीत रेशमापेक्षा सुती धोतर बरे. आणि नवे कपडे प्रथमच घालून कोणीही रंगमंचावर जाऊ नये. आदल्या दिवशी ते घालून तासभर बसावे, गावे, मगच त्यांचा भरवसा धरावा.

हे सारे मी अनुभवी माणसाच्या थाटात सांगतो आहे. पण या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. काही वर्षांपूर्वी शाळाशाळांतील समूहगायनाच्या स्पर्धेसाठी मी चोवीस मुलांचा वृंद तयार केला. वेष मीच ठरविला : पांढरा सदरा, पांढरी विजार, काळे बूट. रांग कशी एकसारखी दिसेल, याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. वरच्या पट्टीतली ओळ एका सुताराच्या मुलावर अवलंबून होती. त्याच्यासारखा निर्मळ आवाज मला पुन्हा लाभला नाही. स्पर्धेस आठ दिवस उरले असता तो तालमीस येईनासा झाला. विचारले, तर म्हणाला, "सर, घसा बसलाय." तेराव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो, हे मला ठाऊक होते, मी तसेच समजून गप्प बसलो. त्याची ओळ दुसऱ्यांना दिली. आम्हांस तिसरे बक्षीस मिळाले, आणि परीक्षकांनी वेषाची स्तुती केली.

बूट नव्हते म्हणून तो आला नव्हता. हे मला त्याच्या वर्गसोबत्याने सांगितले, तेही सुट्टी लागल्यावर, सहज बोलता बोलता. त्या चोवीस जोड्यांतील किती जोड उसने होते, किती घरांत त्यापायी बोलाचाली झाल्या, हे मी तोवर कोणास विचारलेही नव्हते. आणि गंमत अशी, की आपल्याकडे जाजमावर चढताना पायांतले काढून ठेवावयाचे असते. गायकाचे पाय उघडे असणे हीच आपली जुनी रीत!

पुढल्या वर्षी मी एवढेच सांगितले : घरात असेल तो धुतलेला सदरा, रंग कोणताही, आणि सर्वांनी अनवाणी उभे राहावयाचे. तालमीच्या पहिल्याच दिवशी तो मुलगा आला. मी सूर दिला, आणि त्याने तोंड उघडताच कळले, की या खेपेस त्याचा आवाज खरोखरच फुटला आहे. मी त्याला खालच्या ओळीत उभे केले.