गुणांचे माप
(चिंचोळी एमआयडीसी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा आपल्या मेळाव्यातील आनंदाचा भाग. परंतु ज्या गुणांवरून तो होतो, त्यांचे माप सर्वांस सारखे लागते काय, हा प्रश्न आज आपणांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली अभ्यासक्रम बदलला, भाषा विषयांत शाळांनी द्यावयाचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले, निकाल ९५.३० टक्के. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. शाळांच्या मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. वर्षभरात मुलांची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोण म्हणेल? बदलले ते माप. मात्र आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर ठरतो. २०१९ चा एखादा मुलगा घरच्या अडचणीने वर्षभर थांबला असेल, तर सैल मापाने मोजलेल्यांच्या यादीत तो खाली गेला. त्याचा अपराध कोणता?

यावर, गुण न पाहता क्रम पाहावा, असा उपाय सुचविला जातो. राज्याच्या सीईटीत निरनिराळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिकांचा भेद मिटविण्यासाठी पर्सेंटाइल काढतात, ते योग्यच आहे. पण चाळीस मुलांच्या वर्गात हीच रीत लावली, तर सर्वजण उत्तम शिकले तरी कोणीतरी शेवटचा ठरणारच. आणि शेजाऱ्यास गणित समजावून देणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होईल.

या वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांस गेज ठाऊक आहे. सुटा भाग त्यात बसतो की नाही, एवढेच पाहावयाचे. शेजारच्या भागाहून बरा म्हणून तो पास होत नाही, आणि माल कमी पडला म्हणून कोणी गेज सैल करीत नाही. शाळेतही हेच असावे: काय यावयास हवे ते आधी सांगावे, आणि ज्यास ते आले त्यास गुण द्यावेत, मग असे एक असो वा चाळीस.

मंडळाचे धोरण आपल्या हाती नाही. बक्षिसाचे नियम आहेत. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, टक्क्यांची कायमची रेषा सोडून प्रत्येक वर्षीच्या मुलांची तुलना त्याच वर्षीच्या मुलांशी करावी, आणि निधीचा अर्धा भाग मागे पडलेल्यांच्या शिकवणीसाठी राखावा. फुकटच्या गुणांनी मुलगा पुढच्या वर्गात जातो. पुढे यंत्रापुढे उभा राहिल्यावर त्यास शिकलेलेच कामी येते.