तळवड्यात आपले स्वागत

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आरोग्यसंशोधनात पीएच.डी. करणारे विद्यार्थी मित्र आणि माझ्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

इंद्रायणीकाठच्या तळवड्यात तुम्हा सर्वांचे मनापासून स्वागत. शेजारी तुकोबांचे देहू, पलीकडे चाकण. तिथे 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवले. 1997 मध्ये आम्ही महापालिकेत आलो; शेतांत शेड उभ्या राहिल्या, आयटी पार्क आला. मला दहाच मिनिटे दिली आहेत, म्हणून बाकीचा इतिहास जेवणाच्या पंगतीत सांगेन.

पण पिंपरीच्या एच.ए. कंपनीविषयी बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स! स्थापना 1954 ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हात दिला आणि 1955 मध्ये सरकारी कारखान्यातून देशी पेनिसिलिन बाहेर पडू लागले. तिथे थिरुमलाचार नावाचे संशोधक होते. पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाला त्यांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना' असे नाव दिले. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध निघाले. आमच्या मातीचे नाव जगाच्या विज्ञानात गेले हो! आमच्या चौकाचौकांत फलक आहेत, पण ते वाढदिवसांचे. थिरुमलाचारांचे नाव इथल्या पोरांना विचारून पाहा.

याचा तुमच्या या आरोग्यसंशोधनाच्या परिषदेशी संबंध काय, असे आमचे सचिव कालपासून विचारताहेत. मला समजले ते एवढे : औषध निघाले, ते कोणापर्यंत पोचले, घेणाऱ्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही शोधता. 8 डिसेंबर 2023 ला याच तळवड्यात केकवरच्या फुलबाज्यांच्या कारखान्याला आग लागली. त्या दिवशी सहा जण गेल्याची बातमी आली. भाजलेल्या आणखी बायका नंतर रुग्णालयात दगावल्या. पहिल्या दिवशीचा आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. पुढचे मोजायला माणूस लागतो.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी केईएम रुग्णालयाचे काम नेले. 2002 पासून त्या परिसरात घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होते. आमच्याकडे ते अवघड आहे. इथला भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलतो, कंत्राट संपले की गाव बदलतो. तुमच्या तक्त्यातून जो गळतो, तो बहुधा आमचाच कामगार असतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या पोटात घाला. पाळी सुटल्यावर चौकात गाड्या अडकतात, म्हणून पाहुण्यांनी दहा मिनिटे आधी निघावे. वीज गेली तर जनरेटर आहे, आवाज मात्र फार करतो. राहण्याच्या खोल्यांत डास आहेत. साथरोगाच्या अभ्यासकांनी त्याचा वेगळा अर्थ काढू नये. मंडप, पाणी, जेवण यांचा भार लघुउद्योजकांनी उचलला; नावे छापू नका असे त्यांनी बजावले आहे. भाकरीसाठी पहाटे चारला उठलेल्या बचत गटाच्या भगिनी, खुर्च्या देणारे भजनी मंडळ, शाळेचे वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक आणि रात्रभर जागलेली तरुण पोरे, सर्वांचे आभार. कोणी राहिले असेल तर रागावू नका, मला चहाच्या वेळी गाठा.

एक मागणे आहे. तुमचा प्रबंध पूर्ण झाला की त्याचा चार पानांचा मराठी सारांश गावाच्या वाचनालयाला पाठवा. ज्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारलेत, त्यांना उत्तर कळू द्या.