परसातलं काय कोंबडीला चालतं, काय नाही

मरोळच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. मरोळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मेट्रो आणि उंच इमारती येतील. पण मरोशीच्या बाजूने आरेत शिरलं की पाडे लागतात. तिथल्या वारली, मल्हार कोळी बायकांच्या दारात आजही कोंबड्या फिरतात. गावठाणातही एखाद्या घरामागे चार-पाच गावरान कोंबड्या दिसतात. तेव्हा आजचा विषय जितका तुमचा, तितकाच आमचा.

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोंबड्या अमकं झाड खातात, मरणार तर नाहीत ना?" आमचं पहिलं उत्तर असं, की आईमागे फिरून मोठी झालेली गावरान कोंबडी सहसा विषारी झाडाला तोंड लावत नाही. ती एक चोच मारते, कडू लागलं की चोच पुसते आणि पुढे जाते. आई काय टिपते ते बघून पिल्लं शिकतात. घोळ होतो तो गटातून आणलेल्या सुधारित जातीच्या पिल्लांचा. वनराज असोत की गिरिराज, ती यंत्रात उबवलेली आणि महिनाभर खोक्यात बल्बखाली वाढलेली असतात. त्यांना शिकवायला आई नसते. एका सकाळी आपण त्यांना उपाशीपोटी परसात सोडतो आणि ती दिसेल त्यावर तुटून पडतात. म्हणून नवी पिल्लं पहिला आठवडा दाणे खाऊ घालून, संध्याकाळी तासभरच सोडा. पोट भरलेलं असलं की ती निवडून खातात.

आता बिनघोर काय द्यावं? शेवगा. आम्हाला निवडायला सांगितलं तर पहिलं झाड शेवग्याचंच. पाला प्रथिनांनी भरलेला, झाड वाढवायला कष्ट नाहीत, आणि शेंगा आपल्याला. फांदी तोडून दोरीने कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकली तर निम्मा पाला पायाखाली जातो. तांदुळजा, माठ, राजगिरा, चवळीचा पाला, घोळ, हादगा, कोथिंबिरीच्या काड्या, पुदिना, तुळस, जास्वंदीची फुलं-पानं, भोपळ्याच्या बिया, पिकलेली पपई, हे सगळं चालतं. पालकही चालतो, पण रोज नुसता पालक नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं. ज्यांना बाजारातून शिंपल्या मिळतात त्यांनी त्या कुटून ठेवाव्यात. नाहीतर अंड्यांची टरफलं भाजून, चुरून द्यावीत. न भाजता अख्खी टरफलं टाकली तर कोंबडीला स्वतःची अंडी फोडायची सवय लागते, आणि ती सवय मोडणं महाकठीण.

झेंडूही चालतो. पिवळा बलक येण्यासाठी कोंबडीखाद्याच्या धंद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क वापरतातच. पण दसऱ्या-दिवाळीनंतर हार जसाच्या तसा परसात फेकू नका. हाराचा दोरा कोंबडी गिळते, तो गळ्याखालच्या पिशवीत गुंडाळला जातो आणि पुढचं खाणं अडतं. शिवाय बाजारच्या फुलांवर औषध मारलेलं असतं. दारातला झेंडू द्या, विकतचा नको. भाजीवाल्याकडून उचललेला फ्लॉवरचा पालाही दोन पाण्यांनी धुऊनच द्या.

सुबाभळीबद्दल बऱ्याच जणी विचारतात, कारण शेळ्यांसाठी तिचा पाला आणलेलाच असतो. त्यानेही बलक छान पिवळा होतो. पण सुबाभळीत मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. पाला जास्त झाला की अंडी कमी होतात, वाढ खुंटते. एकूण खाण्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आत ठेवा. म्हणजे मूठभर, टोपलीभर नाही.

आता धोक्याकडे वळू. आमचा अनुभव असा, की पानांपेक्षा बिया घात करतात. कोंबडीला दात नाहीत, पण पोटा आहे. आपण कलेजीबरोबर खातो तोच. गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने तो जात्यासारखा दाणा दळतो. गुंजेचंच घ्या. सोनार वजनाला वापरायचे ती लाल-काळी गुंज. तिचं टरफल इतकं कठीण, की अख्खी गेली तर पचल्याशिवाय बाहेर पडण्याची शक्यता असते. फुटली की आतलं विष मोकळं होतं. एरंडाचंही तसंच. घोड्याला एरंडी जेवढी पटकन बाधते तेवढी कोंबडीला बाधत नाही, हे खरं. म्हणून ती टाकावी असं नाही. मोगली एरंड कुंपणाला लावतात, त्याच्या बिया तर पोरंसुद्धा शेंगदाणे समजून खातात आणि दवाखान्यात पोचतात. ज्या कुंपणाची पोरांना भीती, ते कोंबड्यांजवळ कशाला?

कण्हेर लाल असो, पांढरी असो वा पिवळी, तिचा पाला, फूल, बी सगळंच हृदयावर परिणाम करतं. मुंबईत रस्त्याच्या दुभाजकावर ती रांगेने लावलेली असते आणि छाटलेल्या फांद्या कुठेही पडतात. उभ्या झाडाला कोंबडी शिवत नाही. छाटून वाळलेला पाला केरात, दाण्यात मिसळला की तो पोटात जातो. धोतरा, रुई, तंबाखूची पानं, हिरवी पडलेली बटाट्याची साल, टोमॅटोची पानं यांनाही हाच नियम. कच्चा राजमा भिजवूनसुद्धा घालू नका, चांगला शिजवलेला चालतो. घाणेरीची, म्हणजे टणटणीची हिरवी फळं नकोत. हे झुडूप दोनशे वर्षांपूर्वी शोभेसाठी आपल्या देशात आणलं आणि आता आरेत पाय ठेवायला जागा देत नाही. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं, तेही आता सगळीकडे आहे. कोंबड्या ते फारसं खात नाहीत, पण उपटताना आपल्याच हातांना खाज सुटते. फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटा.

आता खरं सांगायचंय ते कासविंद्याबद्दल. गेल्या वर्षी एका पाड्यावर आठवड्याच्या आत आठ कोंबड्या गेल्या. आधी पाय लुळे पडले, मग त्या बसूनच राहिल्या, मग मान टाकली. ज्या ताईच्या कोंबड्या होत्या तिने गटाचं कर्ज काढून त्या आणल्या होत्या. तिचा संशय शेजारणीवर गेला, कारण दोघींचं पाण्याच्या नळावरून आधीच वाजलेलं होतं. "हिनेच औषध टाकलं" असं बोलणं झालं. बैठकीत दोन तट पडले. एक हप्ता थकला आणि दुसरा थकण्याच्या बेतात आला. आम्ही मेलेली कोंबडी पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी गळ्याखालची पिशवी उघडली तर मक्याच्या चुऱ्याबरोबर चपट्या, तपकिरी बारीक बिया निघाल्या. कासविंद्याच्या. मक्याची झाडणी स्वस्त म्हणून आणली होती, तिच्यात त्या आलेल्या. शेताच्या कडेने हे झुडूप वाढतं आणि कापणीत बी मिसळतं. बी पोटात गेलं की कोंबडीचे स्नायूच खराब होतात, म्हणून पाय लुळे पडतात. माणसांच्या मुलांनाही ते विषारी आहे.

गोंधळ टाकळ्याशी होतो. पहिल्या पावसात कोवळा टाकळा आपण भाजीला खुडतो, कोंबड्याही त्याची कोवळी पानं टिपतात, त्याला हरकत नाही. ओळख अशी: टाकळ्याच्या देठावर पानांच्या बहुतेक तीन जोड्या असतात, पानाचं टोक गोल आणि शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, टोक अणकुचीदार, पान चुरडलं तर घाण वास येतो, शेंग चपटी. पावसाळा संपल्यावर दोन्हींच्या शेंगा वाळतात. तेव्हा दोन्हींचं बी कोंबड्यांपासून लांब ठेवा. शेंगा धरण्याआधी परसातलं कासविंद्याचं झुडूप मुळासकट काढा. आणि झाडणी, चुरी असलं स्वस्त खाद्य घरी आणलं की सुपात घेऊन पाखडा. आपल्याला तांदूळ निवडायला वेळ असतो, कोंबडीच्या दाण्यालाही दहा मिनिटं द्या.

त्या शेजारणीबद्दल विचाराल तर, बैठकीत डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. ज्यांनी तिच्यावर बोट ठेवलं होतं त्यांतल्या दोघी उठून तिच्याजवळ गेल्या, एक गेली नाही. कर्जाच्या हप्त्याला गटाने तीन महिने मुदत दिली. कोंबड्या मेल्या की पहिल्या तासात माणसावर बोट जातं, हे आम्ही वारंवार बघितलंय. म्हणून आता पाड्यावर आमचं ठरलंय: मेलेली कोंबडी आधी दवाखान्यात, मग बोलणं.

झाडाशिवायही कारणं असतात. बुरशी लागलेला मका, शेंगदाण्याची पेंड, यांतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खलास करतं आणि दिसतं विषबाधेसारखं. खारट उरलेलं अन्न, लोणच्याचा खार, वेफर्सचा चुरा कोंबडीला बाधतो. उंदरांसाठी ठेवलेली गोळी परसात असेल तर आम्हाला झाडाबद्दल विचारूच नका. आणि उन्हाळ्यात पुष्कळ कोंबड्या एकदम गेल्या, हिरवी हगवण लागली, मान वाकडी झाली, तर बहुतेक राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. त्याला पाला बदलून काही होत नाही, लस लागते. लासोटा पहिल्या आठवड्यात, पुढे आर-टू-बी दोन महिन्यांच्या आसपास. दवाखान्यात वेळ विचारून गटाने एकत्र टोचून घ्यावी, कारण एक बाटली उघडली की ती तासाभरात संपवावी लागते.

थोड्याच वेळात पुष्कळ पक्षी मेले तर हात लावू नका, कापू नका, खाऊ नका, आणि लगेच कळवा. २००६ साली नवापूरला आणि २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूची नोंद झाली, तेव्हा हेच सांगितलं गेलं होतं.

विषबाधा वाटली तर काय करायचं? त्या खाद्यापासून सगळ्या कोंबड्या हलवा आणि स्वच्छ पाणी ठेवा. आजारी कोंबडीला सावलीत वेगळी ठेवा. तेल, ताक, मिऱ्याचं पाणी घशात ओतू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर ती तिथेच गुदमरते. मेलेली असेल तर दोन पिशव्यांत गुंडाळून, शक्य असल्यास बर्फ लावून, त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. बरोबर खाद्याची मूठ आणि संशय असलेल्या झाडाची फांदी, शेंगेसकट. नुसतं पान पुरत नाही, शेंग आणि बी पाहिजे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा, तो फुकट आहे.

आणि रात्री खुराडं नीट लावा. आरेत बिबट्या, तुमच्याकडे मुंगूस. पुढच्या वेळी अंडी खुडुकीखाली कधी ठेवावीत, त्यावर बोलू.