कारागिराची चाल



संगीतावर बोलण्याचा अधिकार गवयांचा. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कामगारांच्या सभांतून अधिक झाले. राग ओळखा म्हणाल तर आम्ही हात जोडू. तथापि एक चाल आम्हांस चांगली ठाऊक आहे. ती बांधणाऱ्या कारागिराची हकीगत आज सांगावयाची आहे.

'इंटरनॅशनल' हे गीत आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्यातील मते सर्वांस पटावीत असा आमचा आग्रह नाही. १८७१ साली पॅरिसचे कम्यून ७२ दिवसांत रक्तात बुडविले गेले, त्यानंतर युजेन पोतिए या कवीने ते लिहिले. १८८७ साली पोतिए वारला. आज जी चाल जग ओळखते, ती त्याच्या कानी कधी पडलीच नाही.

ती बांधली पिएर द गेतेर याने. हा १८४८ साली गेंट येथे गिरणी कामगाराच्या घरी जन्मला, उत्तर फ्रान्समधील लील शहरी वाढला. लहानपणीच कामास जुंपला गेला; लिहावाचावयास कामगारांच्या रात्रवर्गात शिकला. पुढे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा, म्हणजे पॅटर्नमेकर झाला. १८८८ च्या जुलैत त्याने हार्मोनियमवर ही चाल बसविली आणि वर्तमानपत्रे विकणाऱ्यांच्या युनियनच्या समारंभात कामगारांच्या गायकवृंदाने ती प्रथम गायिली. हार्मोनियम म्हणजे आपल्या कीर्तनातली पेटीच. तिचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्येच घेतले गेले. तिकडे भाता पायाने चाले, आपल्याकडे तो हाताशी आला, एवढाच फरक.

ही चाल इतकी दूर कशी गेली? कडवे झाले की धृपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे, अशी तिची रचना आहे. आपला शाहीर कडवे म्हणतो आणि झीलकरी ते उचलून धरतात, तसेच हे. त्यास कमावलेला गळा लागत नाही. भाषांतरात शब्द बदलले, पण पावलांचा ठेका तोच राहिला. १९४४ पर्यंत ते सोव्हिएत संघाचे राष्ट्रगीत होते. आपल्या देशातील कम्युनिस्ट पक्षांच्या अधिवेशनांतूनही ते म्हटले जाते. एकमेकांची भाषा न समजणारी माणसे एकाच धृपदाला एकत्र येतात.

आणि त्या कारागिराचे काय झाले? नोकरी जाऊ नये म्हणून पत्रकावर केवळ आडनाव छापले होते. नोकरी गेलीच. शिवाय त्याच आडनावाचा धाकटा भाऊ आदोल्फ चाल आपली म्हणू लागला. १९१४ साली कोर्टात पिएर हरला. १९१६ साली आदोल्फने आत्महत्या केली; चाल पिएरची असल्याची कबुली त्याने लिहून ठेवली होती. १९२२ साली कोर्टाने पिएरचा हक्क मान्य केला, तेव्हा तो चौऱ्याहत्तरीच्या घरात होता. १९३२ साली सेंट-डेनिस येथे तो वारला. जगातील कामगारांस भाऊ म्हणावयास लावणाऱ्या चालीने दोन सख्खे भाऊ मात्र कोर्टात उभे केले!

दोष चालीचा नव्हे; पोटाच्या भीतीने गाळलेल्या नावाचा आहे. गाणे सर्वांचे झाले म्हणून कर्त्याचे नाव पुसले जावे, हे आम्हांस मान्य नाही. आपल्याही गावात मेळ्यांना, भजनी मंडळांना चाली लावणारे विणकर, सुतार, हमाल होऊन गेले. त्यांची नावे सांगणारी म्हातारी माणसे आज हयात आहेत. त्यांच्याकडे जा, विचारा आणि पुऱ्या नावानिशी लिहून ठेवा, एवढीच आमची विनंती आहे.