पेटीवाले गोविंदराव टेंबे



आपल्या हिंगोलीकडच्या कोणत्याही गावात एकादशीच्या रात्री भजनाला जाऊन बसा. मध्ये विणेकरी, दोहो अंगांना टाळकरी, शेजारी मृदंगी, आणि एका कडेला पेटीवाला. लोकांचे लक्ष गाणाराकडे असते, मृदंगाच्या थापेकडे असते. पेटीवाल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण भात्यावरचा त्याचा हात क्षणभर थांबला, की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात! अशाच एका पेटीवाल्याची हकीकत मी आज सांगणार आहे. त्यांचे नाव गोविंदराव टेंबे.

परंतु माणसाच्या आधी वाद्याची ओळख करून घेऊ. पेटी आज आपल्याला घरची वाटते. तिचे माहेर मात्र युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने १८४२च्या सुमारास हार्मोनियमचा हक्क आपल्या नावे नोंदवला. ते वाद्य पायाने भाता हलवून खुर्चीवर बसून वाजवायचे. पुढे ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता बसवला. झाले! पेटी जमिनीवर उतरली, आपल्यासारखी मांडी घालून बसली आणि कीर्तनात, तमाशात, बैठकीत, जाईल तिथे रुळली. नाटकाच्या मंडपात मात्र पायपेटी, म्हणजे ऑर्गन, मानाने राहिली.

पण या पाहुणीत एक उणीव होती. तिच्या सप्तकात बाराच पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला ठाऊक नाही. आपला गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. दरबारी कानड्याचा गांधार तर जागच्या जागी झुलत असतो. ते पेटीने कसे करावे? विहिरीच्या पायऱ्यांवरून कोणी घसरगुंडी खेळू शकेल काय?

ही अडचण घेऊनच गोविंदरावांचा जन्म गेला. ते ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी जन्मले. पेटी ते बहुतांशी आपली आपणच शिकले. कोल्हापुरात देवल क्लब नावाची संगीताची संस्था होती. तिथे गाणे कानावर पडले, जाणकारांची संगत लाभली आणि नुसत्या बोटांच्या करामतीला शास्त्राची जोड मिळाली. पुढे ते भास्करबुवा बखले यांच्या साथीला बसू लागले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तेव्हा अल्लादियाखाँसाहेब होते. त्यांच्या गायकीचे मर्म गोविंदरावांना भास्करबुवांच्या गळ्यातून उमगले. पुढे खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. समोर बसून रीतसर तालीम अशी त्यांनी थोडीच घेतली असेल. त्यांची खरी शाळा म्हणजे साथ.

साथ करणे म्हणजे काय, हे भजनातल्या पेटीवाल्याला विचारावे. गाणारा पुढे, आपण अर्धे पाऊल मागे. तो कुठे वळणार हे आधी ओळखायचे. पण आपण आधी वळायचे नाही! सूर वाकत नाही, तर शेजारच्या सुराचा नुसता स्पर्श द्यायचा, ज्याला कण म्हणतात. भात्याचा दाब कमीजास्त करून आवाज फुलवायचा, मिटवायचा. असे करता करता पट्ट्यांचे वाद्य गळ्याच्या जवळ जाते. गळा मात्र होत नाही, हेही खरे.

ही झुंज फक्त आपल्याकडेच झाली असे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आणि युरोपात जाझ नावाचे संगीत फोफावले. १९३०नंतरच्या काळात ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजू लागले. टेडी वेदरफर्ड नावाचे अमेरिकन पियानोवादक तिथे वाजवीत. जाझमध्येही गाणारे आणि कर्णा फुंकणारे सूर वाकवतात, आणि पियानोवाल्याची पंचाईत होते, कारण पियानो ही पेटीची थोरली बहीणच! मग तो शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून मधल्या सुराचा भास निर्माण करतो. देश वेगळा, राग वेगळे. अडचण तीच आणि धडपडही तीच.

आता गोविंदरावांच्या आयुष्यातल्या मोठ्या वळणाकडे येऊ. त्यापूर्वी संगीत नाटकांतील पदांच्या चाली बहुधा नाटककारच ठरवीत. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, एखादी ऐकलेली चीज, असा साठा असे आणि त्यावर शब्द बसवले जात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘मानापमान’ लिहिले तेव्हा चालींचे काम स्वतंत्रपणे गोविंदरावांकडे आले. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या भामिनीच्या तोंडी त्या चाली महाराष्ट्रभर झाल्या. वर्षानुवर्षे साथ करताना उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाचा जो साठा कानात जमला होता, तो गोविंदरावांनी इथे मोकळा केला. ऐकणाराला राग कळो न कळो, चाल ओठावर राही. पाच वर्षांनी, १९१६ साली, ‘स्वयंवर’ला खुद्द भास्करबुवांनी चाली दिल्या. पेटीवाल्याने मळलेल्या वाटेने गुरुस्थानी असलेला गवई आला, असे म्हटले तर चूक नाही.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोनच वर्षांत गोविंदराव तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. ती मंडळीही पुढे बंद पडली. पण चित्रपट बोलू लागला तेव्हा पुन्हा त्यांचीच आठवण झाली. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झाला. संगीत गोविंदरावांचे, आणि हरिश्चंद्रही तेच! त्या वेळी पडद्यामागून दुसऱ्याने गाण्याची सोय नव्हती. नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे.

आणि आता, श्रोतेहो, थोडी घरची गोष्ट. १ मार्च १९४०पासून आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवले. पेटी आपल्या संगीताला परकी आहे, तिच्यात श्रुती नाहीत, तिच्या नादी लागून गवयाचा गळा बिघडतो, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. साथीसाठी ही बंदी काही अटींवर सैल झाली ती १९७१च्या सुमारास. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ रोजी वारले. म्हणजे ज्या वाद्याने त्यांना नाव दिले, त्याला त्यांच्या हयातीत रेडिओचे दार पुन्हा उघडलेच नाही.

मग आक्षेप खोटा होता काय? मला विचाराल तर आक्षेप खरा, पण शिक्षा जास्त. दोष बारा पट्ट्यांचा आहेच. पण कान जागा असेल तर बारा पट्ट्यांतूनही ‘मानापमान’ निघते, आणि कान झोपला असेल तर बावीस श्रुतींचाही उपयोग नाही.

म्हणून माझी गुरुजनांना विनंती आहे. परिपाठाला पेटी जरूर घ्या. मात्र मुलांच्या गळ्याला झेपेल ती पट्टी आधी धरा. आपल्या गळ्याची पट्टी मुलांवर लादू नका. सुरुवातीला नुसता षड्ज धरून ठेवा आणि मुलांना गाऊ द्या. प्रत्येक अक्षरावर पट्टी दाबलीत, तर मुले पेटीच्या मागे फरफटत जातील. आठवड्यातून एकदा पेटी मिटून, एकतारीवर प्रार्थना म्हणवून पाहा. नामदेवांच्या काळी पेटी कुठे होती? तरी नर्सीचा सूर पंजाबापर्यंत पोहोचलाच की!

आणि भजनी मंडळींनो, कडेला बसलेल्या तुमच्या पेटीवाल्याकडे पुढच्या एकादशीला जरा लक्ष द्या. तो अर्धे पाऊल मागे आहे, कारण तो ऐकतो आहे.