आकड्यामागचे शेत



फेब्रुवारी २००३ मध्ये ‘सायन्स’ ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात मतीन काइम आणि डेव्हिड झिल्बरमन ह्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतातील चाचण्यांत बी.टी. कपाशीचे उत्पादन त्याच वाणाच्या बिगर-बी.टी. कपाशीपेक्षा ८० टक्क्यांनी अधिक आले, असा त्याचा निष्कर्ष होता. बातमीत उरला तो हा आकडा. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा केवळ ज्ञानाचा विषय नव्हे. अशा आकड्यावर विसंबून तो महाग बियाणे उधारीवर उचलतो. आकडा फसला तर कर्ज मात्र त्याच्याच नावावर राहते.

हा आकडा खोटा होता काय? नव्हता. परंतु तो १५७ शेतांवरील, २००१ च्या एकाच हंगामातील होता. चाचण्या बियाणे विकणाऱ्या महिको कंपनीनेच घेतल्या होत्या आणि त्या वर्षी बोंडअळीचा उपद्रव तीव्र होता. बी.टी. जनुक मुळात उत्पन्न वाढवीत नाही, ते अळीने होणारे नुकसान टाळते. साहजिकच नुकसान मोठे त्या वर्षी फरकही मोठा दिसतो. ह्याच काइम ह्यांनी पुढे एका सहकाऱ्यासह २००२ ते २००८ ह्या काळातील शेतकऱ्यांची पाहणी अभ्यासून २०१२ मध्ये एकरी वाढ २४ टक्के असल्याचे दाखविले. पीक तेच, संशोधकही तोच. बदलले ते शेत आणि वर्ष.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन ह्यांनी २०२० मध्ये दीर्घ काळाची आकडेवारी तपासली. उत्पादनवाढीचा संबंध खतांच्या वाढत्या वापराशी अधिक आहे आणि कीटकनाशकांवरील खर्च बी.टी.पूर्व काळाच्याही पुढे गेला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीची केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. तथापि ह्या निबंधावरही आक्षेप घेतले गेले. शास्त्र असेच पुढे सरकते. एका निबंधाने निकाल लागत नाही.

बातमीचा प्रवास मात्र वेगळा असतो. यवतमाळ जिल्ह्यातील दोन गावांत बी.टी.मुळे भरभराट झाल्याचा वृत्तान्त एका मोठ्या इंग्रजी दैनिकात २००८ मध्ये बातमी म्हणून आला. तोच २०११ मध्ये जाहिरातीच्या रूपाने पुन्हा छापला गेला. पी. साईनाथ ह्यांनी २०१२ मध्ये हे उघडकीस आणले.

परंतु कार्यकर्त्याची खरी कसोटी पुढेच आहे. बी.टी.मुळेच आत्महत्या वाढल्या, हे विधान चळवळीतील अनेकांनी विनातपासणी स्वीकारले. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही. काही भागांत, काही वर्षी बी.टी. पिकाच्या अपयशाने कर्जबाजारीपणात भर पडली असावी, एवढेच त्यात मान्य केले होते. कंपनीच्या आकड्याला चार प्रश्न आणि सोयीच्या आकड्याला टाळ्या, हा विवेक नव्हे.

मोजले कोणी, कोणत्या शेतात, किती वर्षे, कशाच्या तुलनेत आणि पैसा कोणाचा? पेरणीपूर्वी गावात हे प्रश्न मोठ्याने विचारले जावेत. मित्राच्या आकड्यालाही.