लेकीची गिटार घेताना

आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला जातात आणि सतारीचा आवाज घुमवतात. इलेक्ट्रिक गिटारला सहसा असं पोकळ पोट नसतं. पोलादी तारांची थरथर चुंबक टिपतं आणि ॲम्प्लिफायर ती ऐकवतो. म्हणून लेकीला गिटार घ्यायची, तर दोन्हींचा खर्च एकत्रच धरूया.

घरच्या सरावाला 10 वॅटचा ॲम्प्लिफायर पुरे. हेडफोनची सोय मात्र बघून घेऊ, म्हणजे रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नाही. तारा दाबायला जड असल्या की बोटं दुखतात आणि शिकणं सुटतं. म्हणून दुकानात लेकीलाच वाजवून बघू द्या. गटातून कर्ज घेणार असू, तर हप्ता आधी ठरवू.

"पोरीला कशाला गिटार?" असं कुणी म्हणालं, तर आपण एवढंच विचारू, "पोराला घेतली असती ना?"